रस्त्यावरची शिस्त: दंडाची रक्कम आणि दंडाची खात्री



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते, त्यांच्या नावे या व्यासपीठावरून संतसाहित्य, होळकरकालीन इतिहास, संगीत अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या मालिकेत वाहतुकीचे नियम हा विषय काहीसा रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु माझे आयुष्य रस्ते आणि वाहतूक यांचे अभियांत्रिकी शास्त्र शिकविण्यात गेले. ज्या विषयात आपण चाळीस वर्षे वावरलो त्याविषयीच बोलावे, एवढी मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे.

विषय रुक्ष असला तरी तो क्षुल्लक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ता-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. त्यांतील ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार किंवा त्यांच्या मागे बसलेले होते. एवढी माणसे एखाद्या साथीने गेली असती तर आपण घराघरांतून दारे लावून बसलो असतो. रस्त्यावरचे मरण मात्र एकेकट्याने येते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींत मावते.

या प्रश्नावर चर्चा निघाली की एक उत्तर ठरलेले असते: आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा प्रतिवाद करणेही सोडून दिले होते. पण अलीकडे तो प्रतिवाद आपल्या शहरानेच माझ्या हाती दिला. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसाव्या क्रमांकावर होते. २०१७ साली ते पहिले आले आणि २०२३ पर्यंत सलग सात सर्वेक्षणांत, सातव्या वेळी सुरतेच्या बरोबरीने, पहिलेच राहिले. आज राजवाड्यापुढे शेंगदाणे खाणारा मनुष्य टरफलांची पुडी कचरापेटी दिसेपर्यंत हातात धरून ठेवतो. तोच मनुष्य पाच मिनिटांनी दुचाकीला किल्ली लावतो आणि दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर, निर्धास्तपणे निघतो. माणूस तोच, शहर तेच, दिवसही तोच. मग शिस्त मुळातच नाही, असे कसे म्हणावे?

कचऱ्याच्या बाबतीत काय घडले, ते क्रमाने आठवून पाहावे. प्रथम महापालिकेची गाडी दारापर्यंत येऊ लागली, ठराविक वेळी, रोज, गाणे वाजवीत. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे कप्पे गाडीतच होते. ती येणार याची लोकांना खात्री वाटू लागली, त्यानंतर रस्त्यांवरच्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या. आणि हे सर्व झाल्यावरही जो रस्त्यावर कचरा टाकी, त्याला दंड होऊ लागला, जागेवर आणि त्याच दिवशी. आधी सोय, मग सातत्य, मग दंड, असा तो क्रम होता. दंडाची रक्कम किती होती हे आज फारसे कोणाला सांगता येणार नाही. गाडी किती वाजता येते हे मात्र घरातले लहान मूलही सांगते.

वाहतुकीत आपण हा क्रम उलटा केला. आपल्याकडे प्रथम दंड येतो, सातत्य अधूनमधून येते आणि सोय बहुधा शेवटपर्यंत येतच नाही.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या जागी १९८८ चा कायदा आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. हेल्मेटची सक्ती त्यात पहिल्यापासून आहे. तीस वर्षांनी, २०१९ च्या दुरुस्तीने दंड एकदम वाढविण्यात आले. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये, सीटबेल्ट नसल्यास तेवढेच, मद्य पिऊन वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ नंतरचे ते दिवस आपल्याला आठवत असतील. हेल्मेटच्या दुकानांपुढे आणि प्रदूषण तपासणीच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. त्यानंतर राज्यांचे धैर्य खचू लागले. गुजरातने हेल्मेटचा दंड निम्म्यावर, म्हणजे ५०० रुपयांवर आणला. आपल्या मध्य प्रदेशाने वाढीव दंड लागू करणेच लांबणीवर टाकले. आणि जेथे दंड कायम राहिला तेथेही काही महिन्यांत हेल्मेट डोक्यावरून पुन्हा कोपरात लटकू लागले. पुढच्या चौराह्यावर हवालदार दिसला की ते वर चढते आणि चौराहा ओलांडला की खाली उतरते. या दृश्याला लोक हसतात. मला त्यात शास्त्र दिसते. त्या दुचाकीस्वाराला दंडाची रक्कम पक्की ठाऊक असते. आपण सापडू की नाही, एवढाच त्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब तो अचूक करतो.

मिलानच्या बेकारिया या विधिज्ञाने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा यांवर लिहिलेल्या ग्रंथात हेच मांडले होते. शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला गुन्ह्यापासून अधिक परावृत्त करते, आणि शिक्षा गुन्ह्यापाठोपाठ जितकी लवकर येईल तितकी ती परिणामकारक होते, असे त्याचे म्हणणे. खात्री, त्वरा आणि कठोरता या तिघींत कठोरता सर्वांत स्वस्त, कारण ती कागदावर एका ओळीत वाढविता येते. म्हणून सरकारे तिच्याच मागे लागतात.

हा केवळ तर्क नाही, त्याची रस्त्यावर परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६७ पासून चालकाच्या श्वासातील मद्य तपासण्याचा कायदा लागू झाला. त्याचा गाजावाजा इतका झाला की प्रत्येक रस्त्यावर पोलीस नळी घेऊन उभा आहे असे लोकांना वाटू लागले. पहिल्या वर्षी मृत्यू स्पष्टपणे घटले. पण त्या कायद्यात पोलिसाला वाटेल त्या चालकाची तपासणी करण्याची मुभा नव्हती. संशयाला काही कारण लागे, किंवा चालत्या वाहनाने दुसरा एखादा नियम मोडलेला असावा लागे, किंवा अपघात झालेला असावा लागे. प्रत्यक्षात आपली तपासणी होण्याची शक्यता फार थोडी आहे, हे चालकांना हळूहळू उमगले आणि काही वर्षांत तो परिणाम बराचसा विरून गेला. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याने डिसेंबर १९८२ पासून कोणालाही, कोणत्याही संशयाविना, रस्त्यात थांबवून तपासण्याची पद्धत सुरू केली. तपासणीच्या जागा मुद्दाम सर्वांना दिसतील अशा ठेवल्या आणि सुरुवातीच्या काळात वर्षाकाठी साधारण दर तीन परवानाधारकांमागे एकाची तपासणी होईल इतके सातत्य राखले. तेथे घटलेले मृत्यू पुन्हा पूर्वपदावर गेले नाहीत. दोन्हीकडे गुन्हा तोच होता. फरक होता तो आपण सापडू या भावनेत.

आपल्या कायद्यात रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडात ती ८० आहे. म्हणजे कागदावर आपण इंग्रजांच्या दुपटीहून अधिक कडक आहोत! आपल्या रात्रीच्या रस्त्यांवरून हे कोणाला ओळखता येईल काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत इंदुरात जे प्रयत्न झाले त्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. जुलै २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष न्या. अभय मनोहर सप्रे यांनी येथे बैठक घेतली आणि १ ऑगस्टपासून हेल्मेट नसलेल्याला पेट्रोल देऊ नये असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. हेतूबद्दल वाद नाही. पण पंपावर नोझल धरून उभ्या असलेल्या मुलावर पोलिसाचे काम सोपविले गेले, आणि ज्या ठिकाणी वाहन उभे असते, वेग शून्य असतो, नेमक्या त्या ठिकाणी हेल्मेटची तपासणी सुरू झाली. पंपाशेजारी उसने हेल्मेट मिळू लागले. एका दूधवाल्याने तर दुधाच्या कॅनचे झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेतले आणि त्याची चित्रफीत गावभर फिरली. त्या गृहस्थाच्या कल्पकतेला दाद द्यावी लागेल. हेल्मेट डोके वाचविण्यासाठी असते, हा मूळ मुद्दा मात्र त्या हशात बुडाला. वास्तविक हेल्मेटविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता असे दिसते की त्याने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढा गुण देणारे औषध दुकानात आले तर ते घेण्यासाठी आदेश काढावा लागला नसता.

त्यानंतर दीड महिन्याने, १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी, विमानतळ मार्गावर प्रवेशबंदीच्या वेळेत एक मालट्रक शिरला आणि बडा गणपतीच्या दिशेने वाटेतल्या माणसांना व वाहनांना चिरडत गेला. त्यात माणसे दगावली. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, ट्रकचालकालाही पकडले. परंतु माझ्या मनात राहिलेला प्रश्न साधा आहे: बंदीची पाटी ओलांडून तो ट्रक आत आला, तेव्हा ती बंदी कोण राखीत होते? ज्या पाटीमागे कोणी उभे नसते ती पाटी हळूहळू चालकांच्या डोळ्यांना दिसेनाशी होते. त्या ट्रकने त्या दिवशी नियम मोडला हे खरे, पण असा नियम मोडता येतो हे शहर त्याला त्याआधी कितीतरी दिवस शिकवीत होते.

मग कॅमेरे आहेत ना, असे आपण म्हणाल. आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. कॅमेरा ओळखीपाळखी जाणत नाही, तो चहाला जात नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने यासाठी नियम केले. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांतील मोठ्या चौकांत आणि महामार्गांवर अशी यंत्रे बसवावीत, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, असे त्यांत आहे. पण नोटीस मोबाइलवर येते आणि तेथेच पडून राहते. दंड न भरणाऱ्याचे पुढे काय होते, हे ज्याला त्याला अनुभवाने कळत जाते. त्यातच काही राज्यांनी थकलेल्या दंडावर घसघशीत सूट देण्याचा मार्ग धरला. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकीस्वारांना केवळ २५ टक्के रक्कम भरून मोकळे केले, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली. हैदराबादेत आणि बेळगावात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी या सवलतीचा लाभ घेतलाही असेल. मी विचारणार नाही. तिजोरीत पैसा आला हे खरेच. पण ज्याने पहिल्याच आठवड्यात पूर्ण दंड भरला तो मूर्ख ठरला आणि ज्याने दोन वर्षे वाट पाहिली तो शहाणा. साडीच्या दुकानातील सेल आणि कायद्याचा दंड यांत जो फरक असायला हवा, तो अशा सवलतींनी पुसला जातो. माझे मत असे की दंड थोडाच असावा, पण तो महिनाभरात वसूल व्हावा, आणि त्याचा संबंध विम्याच्या हप्त्याशी व परवान्याच्या नूतनीकरणाशी आपोआप जोडला जावा. हजार रुपयांच्या न वसूल होणाऱ्या दंडापेक्षा दोनशेचा हमखास वसूल होणारा दंड माणसाला लवकर वळण लावतो.

आता वेगाकडे वळतो, कारण २०२२ च्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. या आकड्याकडे मी थोड्या सावधपणे पाहतो. पंचनाम्यात अतिवेग लिहिणे सोपे असते. चौकाची आखणीच चुकीची होती, असे कोणी पोलीस शिपाई लिहिणार नाही आणि त्याने ते लिहावे अशी अपेक्षाही नाही. तरीही वेग हा मृत्यूचा मोठा वाटेकरी आहे यात शंका नाही. त्याचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर मूल आले हे पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढा एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर वाहन थांबायला आणखी २० मीटर लागतात, एकूण ३७. ताशी ३० च्या वेगाला हाच हिशेब ८ अधिक ५, म्हणजे १३ मीटर होतो. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाई होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दुसऱ्या शब्दांत, ३० च्या वेगाचे वाहन जेथे पूर्ण थांबलेले असते, तेथे ६० च्या वेगाच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलासुद्धा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. पलासियापासून राजवाड्यापर्यंत जोरात हाकून जो वेळ वाचतो तो पुढच्या लाल दिव्यापाशी जातोच, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

मी सोय हा शब्द वापरला, त्याचा खुलासा करावयास हवा. चुकीच्या बाजूने येणारा दुचाकीस्वार आपल्याला उर्मट वाटतो. पुष्कळदा तो असतोही. पण त्याच्या घराच्या गल्लीसमोर दुभाजक अखंड असेल आणि वळण्याची जागा बरीच पुढे असेल, तर तो रोज चारदा तेवढा वळसा घालील, ही अपेक्षा कागदावरच राहते. अभियंत्याने तेथे उभे राहून लोक कोठून कोठे जातात हे मोजले असते तर वळण्याची जागा योग्य ठिकाणी आली असती आणि हवालदाराचे काम वाचले असते. तीच गोष्ट पादचाऱ्यांची. पदपथावर दुकानाचा माल, विजेची पेटी आणि उभ्या गाड्या असल्या की माणूस रस्त्यावरून चालतो, आणि मग त्यालाच आपण बेशिस्त म्हणतो. थांबरेषा पुसट झालेली असते, झेब्रा पट्टे दुभाजकाला जाऊन धडकतात. पिवळ्या दिव्याचा अर्थ, सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबा, असा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ घाई करा असा झाला आहे, आणि त्यात काही दोष चालकाचा असला तरी काही दोष रचनेचाही आहे. पिवळा दिवा तीन सेकंद असेल आणि वाहन ६० च्या वेगात असेल तर तेवढ्यात ते ५० मीटर पुढे जाते. थांबावे तर मागचा आदळेल आणि जावे तर लाल दिवा लागेल, असा एक पट्टा प्रत्येक चौकाआधी असतो. वेग ४० वर आला की तो पट्टा आपोआप आखूड होतो. म्हणजे येथेही दिव्याचा प्रश्न फिरून वेगापाशीच येतो.

रस्ता सुरक्षा सप्ताहात फेऱ्या निघतात, घोषणा होतात, नियम मोडणाऱ्याला गुलाबाचे फूल दिले जाते. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, एवढेच मी म्हणेन.

मला अधिक काळजी वाटते ती या सभागृहाबाहेर, शाळेच्या फाटकापाशी दिसणाऱ्या गोष्टीची. १८ वर्षांखालील मुलाला परवाना मिळत नाही, याला कायद्यात एकच अपवाद आहे: सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर ५० सी.सी. पर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी. आज बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलच्या सगळ्या लोकप्रिय स्कूटरी १०० सी.सी. च्या पुढच्या आहेत. म्हणजे नववी-दहावीचे विद्यार्थी आज ज्या स्कूटरींवरून येतात, त्या चालविण्याचा त्यांना कोणताच अधिकार नाही, परवाना काढूनही नाही. ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या लहान विद्युत दुचाकींना परवाना लागत नाही, पण मुलांना हव्या असतात त्या त्या नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीने यावर १९९ अ हे कलम आणले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीखाली मध्य प्रदेशातलेच दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे, आणि त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, यावर देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण त्याच आठवड्यात आपल्या किती घरांतून स्कूटरची किल्ली मुलाच्या हाती देताना हात अडखळला? मोटारीच्या किमतीत फरक आहे, किल्ली देण्याच्या कृतीत नाही.

यात शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना करण्यासारखे काही आहे, ते सांगून थांबतो. आवारात दुचाकी आणू दिली नाही की मुले ती शेजारच्या गल्लीत लावतात; म्हणून केवळ बंदीच्या पाटीने भागणार नाही. आधी सोय हवी: सायकलींसाठी छत असलेली जागा, आणि लांबून येणाऱ्यांसाठी एखादी बस, जिचा काही भार माजी विद्यार्थी संघाने उचलावा. त्यानंतर सातत्य हवे: शेजारच्या गल्लीतल्या स्कूटरींची नोंद वर्षातून एकदा न होता दर आठवड्याला व्हावी, आणि पालकांना पत्र त्याच दिवशी जावे, मग ते पालक संस्थेचे सभासद असोत वा देणगीदार. आणि शाळा भरताना व सुटताना फाटकासमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी रोज दोन मोठी माणसे उभी राहावीत. निवृत्त झालेले आपण पुष्कळजण शहरात आहोत. बाराजणांनी आठवड्यातला एकेक दिवस घेतला तर सोमवार ते शनिवार पुरे होतात. माझा मंगळवार मी संयोजकांकडे लिहून दिला आहे. उरलेल्या अकरा जागांचा कागद बाहेर पुस्तिकांच्या टेबलावर ठेवलेला आहे.